एक 'नाही'

"योनाथान घरात नाही, एवढंच म्हणा, सलोमीबाई. मी आल्या पावली परत जातो," हवालदार दारातूनच काकुळतीनं म्हणाला. "पोरगं माझ्याही मांडीवर खेळलंय. आणि तुमच्या शब्दावर साहेबसुद्धा शंका घेणार नाहीत."

कुणाचं तरी डोकं फोडून आलेला त्यांचा लेक आतल्या खोलीत कडी लावून बसला होता.

सलोमीबाई क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्यात कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. रोजचं बोलणंच खरं असावं लागतं. खरं सांगवत नसेल, तर गप्प राहायचं.

'नाही' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. त्या खाली मान घालून गप्प उभ्या राहिल्या.

हवालदारानं टोपी काढली. "तो घरात नसता, तर तुम्ही केव्हाच 'नाही' म्हणाला असतात, बाई."

आत कडी निघाल्याचा आवाज आला. आईच्या गप्प राहण्याचा अर्थ लेकालाही कळला होता.