साहेबाला दिलेली खोली

हिंगोली जिल्हा झाला आणि बदलून आलेल्या साहेबलोकांना गावात खोल्या मिळेनात. तशी घरमालकांनी जुनी बिऱ्हाडं उठवायला सुरुवात केली. नजमुन्निसाच्या घराला दोनच खोल्या. एकीत ती एकटी राहायची, दुसरीत मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला जाणारी जनकाबाई, कैक वर्षांपासून. एका साहेबानं दुप्पट भाडं देऊ केलं, तेव्हा आधी नजमुन्निसानं त्याला टाळलं. पण घरावरचे पत्रे सडून गेले होते आणि दुसरी कमाई नव्हती. शेवटी तिनं साहेबाला होकार दिला.

सांजच्याला ती जनकाबाईच्या दारात आली, तर जनकाबाई भांडी पोत्यात भरत होती.

"हे काय करून राहिलीस?"

"साहेब घर पाहून गेला ते समजलं मला, आपा. तुमाला तोंडानं 'निघ' म्हणायची तकलीफ काहून द्यायची? जाते डोंगरकड्याला, पोरीकडं."

"जावई ठेवून घेईल?"

जनकाबाई खाली मान घालून पोत्याचं तोंड बांधू लागली.

नजमुन्निसानं पोतं तिच्या हातातून काढून घेतलं आणि भांडी एकेक करून परत फळीवर लावली.

"खोली देली व्हय, पण माझी देली. उद्या साहेब तिथं राहायला येईल," ती म्हणाली. "माझी खाट इथं कुठं टाकू, तेवढं सांग."