तक्त्यावर नसलेला शब्द

"अक्का, हे कसं बोलायचं?" झिलीने मोडक्या तमिळमध्ये विचारलं आणि दोन्ही तळवे पुढे धरून जोरात मान हलवली.

जेवणाच्या सुट्टीत बनियनच्या गठ्ठ्यांना टेकून बसलेल्या बायका हसल्या. ओडिशातून तिरुप्पूरला आलेल्या पोरींसाठी कारखान्याने वसतिगृहाच्या भिंतीवर तमिळ शब्दांचा तक्ता लावला होता. ये. बस. कात्री. लवकर. बरं. चार महिन्यांत झिलीने तो घोकून संपवला होता. मालकाच्या कामाचे सगळे शब्द त्यात होते. तिच्या कामाचा एकही नव्हता.

रविवारी दुपारी तिचा भाऊ वर्षाने भेटायला येणार होता. एर्नाकुलमहून, दोन तासांसाठी. आणि रविवारच्या जादा पाळीत तिचं नाव लागलं होतं.

"मुडियादु," त्यांच्यातली जुनी कामगार पोन्नात्ता म्हणाली. "जमणार नाही."

"मुडिजादु."

"'जा' नाही, 'या'. जीभ टाळूला चिकटवू नकोस."

शेजारच्या मल्लिकाने भात कालवता कालवता टोमणा मारला, "अक्का, तुला तरी कुठे नीट येतोय? एकोणीस वर्षांत एकदा तरी वापरलायस का इथे?"

पोन्नात्ताने आठवून पाहिलं. खरंच वापरला नव्हता. घरी, बाजारात, नवऱ्याला शंभरदा म्हटला असेल. या छपराखाली कधीच नाही. कसा लागतो ते बघावं म्हणून तिने तो हळूच उच्चारला. मग जरा मोठ्याने. यंत्रं बंद होती. शब्द पार पत्र्यापर्यंत गेला. पलीकडच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं.

झिली तिच्या ओठांकडे बघत होती. तिने म्हटला, चुकली, पुन्हा म्हटला.

तेवढ्यात सुपरवायझर तंगवेल यादी घेऊन आला. काय चाललंय, म्हणाला. तमिळ शिकवतोय, असं मल्लिकाने सांगितलं. तो खूश झाला. या पोरींना कधीतरी भाषा यायलाच हवी, असं म्हणत त्याने यादीवर बोट ठेवलं आणि झिलीला सांगितलं, रविवारी सकाळी आठला.

झिली उठून उभी राहिली.

"मुडियादु, सार."

'या' अगदी स्वच्छ आला. कुणी हसलं नाही.

तंगवेल तिच्याशी बोललाच नाही. तो पोन्नात्ताकडे वळला. "हे कुणी शिकवलं हिला?"

पोन्नात्ताने बोटाला लागलेलं लोणचं चाटलं.

"मी. उच्चार चुकला असेल तर सांगा."