उलटी कळी

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा बूट काढून ठेवले. "मी येत नाही. सांग त्यांना, गुडघा धरलाय."

"तो गुडघा सकाळपासून या खोलीत शंभर फेऱ्या घालतोय, बाबा," मुलगी म्हणाली. ती टपाल कचेरीत होती. चारशे वर्षं जुन्या मशिदीचा दरवाजा आज टपाल तिकिटावर येणार होता. त्याची दुरुस्ती करणाऱ्यांपैकी आता एकटे मिस्त्री उरले होते, म्हणून त्यांचा सत्कार होता. गाडी दहा मिनिटांत येणार होती.

चाळीस वर्षांपूर्वी दरवाजाच्या कमानीवर, उजव्या खांद्याला, मिस्त्रींनी नक्षीची एक जुनी फरशी उलटी बसवली होती. कळी खाली, देठ वर. लक्षात आलं तेव्हा चुना घट्ट धरला होता आणि त्यांच्या बाजूची बांबूंची परांचीही उतरली होती. डावी बाजू वडिलांची. वडील म्हणजे कामावरचे मुख्य, बोटभर चुकीसाठी अख्खी ओळ उखडायला लावणारे. त्या संध्याकाळी ते कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "काही सांगायचंय?"

"नाही," मिस्त्री म्हणाले होते.

वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांची बाजू कधीच पुरी झाली होती, तरी त्यांनी आपली परांची उतरू दिली नाही. दोन दिवस तरटाच्या पडद्याआड एकटेच वर होते, कुणाला फिरकू देईनात. आपलं तोंडही बघायचं नाही म्हणून वर जाऊन बसलेत, असं मिस्त्रींनी धरलं. पडदा उतरायच्या आत त्यांनी लांबच्या गावी दुसरं काम पकडलं. पुढे वडील गेले. सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्या रस्त्याला मिस्त्री परत कधी गेले नाहीत. मशिदीचा फोटो दिसला की पान उलटायचे.

आणि आता ती चूक लाखो पाकिटांवर बसून घरोघर जाणार होती.

"तिकिटं जमवणारे लोक भिंग लावून बघतात," ते पुटपुटले.

"बघू देत की. तुमचं कौतुकच आहे." तिने पिशवीतून माहितीपत्रक काढलं. "ऐका. 'कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी खाली झुकलेली आहे. प्रार्थनेला येणाऱ्याने नम्र व्हावं, असं कारागिरांना सुचवायचं असावं.'"

मिस्त्री जागच्या जागी थांबले. "दोन्ही?"

"दोन्ही. हे बघा ना."

तिने तिकीट पुढे केलं. मिस्त्रींनी टेबलावरचं भिंग उचलून त्यावर धरलं. उजवीकडची कळी होती तशीच होती, मान खाली घालून. त्यांनी भिंग डावीकडे सरकवलं. तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर दुसरी. पक्का वाळलेला चुना खरवडायचा, चारशे वर्षांची फरशी न तडकवता सोडवायची, फिरवून पुन्हा बसवायची. एकट्या माणसाचं दोन दिवसांचं काम. वडिलांनी जन्मात उलटी बसवलेली ती एकच फरशी असणार.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"काय सांगू त्यांना?" मुलीने विचारलं.

मिस्त्रींनी बूट ओढले. त्यांना नाडी दिसत नव्हती.

"येतोय म्हणावं," ते म्हणाले. "मला काही सांगायचंय."