ताप न येणारं बाळ

नर्सबाईंनी नाव पुकारलं तेव्हा थोरलीने मुद्दाम धाकट्या जावेला पुढे केलं. आज तरी हिचं पोर भोकाड पसरतंय का, ते तिला बघायचं होतं.

जळतच होती ती. दोघींची बाळं पंधरा दिवसांच्या अंतराने झालेली. थोरलीच्या छकुलीला प्रत्येक लसीनंतर ताप यायचा, मांडी सुजायची, दोन दिवस नुसती किरकिर. धाकटीचं बाळ मात्र लसीच्या दिवशीही टुणटुणीत, घरी येताच खिदळायला मोकळं! सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "याच्या रक्तातच जोर आहे." मग छकुलीच्या रक्तात काय पाणी होतं? लसीने चांगलं पोर खंगतं, अशी थोरलीची खात्रीच होऊन बसली होती. तरीही शिलाईच्या कारखान्याला सुट्टी असली की ती दात-ओठ खात छकुलीला घेऊन दवाखाना गाठायची. धाकटी बुधवारी, ही कामावर असताना, जाऊन यायची.

आज दोघी पहिल्यांदाच बरोबर आल्या होत्या. समोरच्या घरातल्या मुलाला गोवर झाला होता आणि नर्सबाईंनी गल्लीतली सगळी बाळं बोलावली होती.

नर्सबाईंनी धाकटीचं कार्ड उघडलं. उलटसुलट करून पाहिलं.

"जन्मल्यावर दिलेली सोडली, तर यात एकही लस नाही. नऊ महिने काय करत होतात?"

धाकटी पांढरीफटक पडली. थोरलीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सासूबाईंना काय सांगायचं, ते वाक्यही तिने मनात जुळवलं. तेवढ्यात त्या बाळाने तिच्याकडे झेप घेतली. तिने त्याला घेतलं आणि ते वाक्य तिथेच राहिलं. परवाच तर हे समोरच्या घरात रांगत होतं.

"बाहेरच्या बाकावर बसायचे आणि तशीच परत यायचे," धाकटी रडत म्हणाली. "छकुलीचा ताप बघून माझे हातपायच गळायचे. जाऊबाई, तुम्ही हो कुठून आणायचात एवढा धीर?"

थोरलीने बाळाला घट्ट धरलं आणि त्याची गुबगुबीत मांडी नर्सबाईंपुढे केली.

"धीर कसला, डोंबल! तू नेतेस आणि मी मागे पडते की काय, म्हणून नेत होते."