वेलीवरून उतरल्यावर

"माळ्यावर कुणाशी एवढ्या गप्पा चालल्यात, ओत्तोरिनोकाका?" जिना चढता चढता ग्राझिएल्लाने विचारलं. म्हाताऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वाइनसाठी सुकत घातलेल्या द्राक्षांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला.

विद्यापीठातल्या तपासणीसाठी तिने चार मणी डबीत टाकले. "गंमत आहे यांची. वेलीवर असेपर्यंत काही जनुकं ढिम्म झोपलेली असतात. घड तोडला की मग जागी होतात."

"तोडल्यावर? मग वेलीला काय उपयोग त्यांचा?"

"वेलीला काहीच नाही."

ओत्तोरिनो बराच वेळ ट्रेची कड पुसत राहिला.

"नीवेसशी, माझ्या बायकोशी," तो म्हणाला. "कुणाशी बोलतो विचारलंस ना? ती जिवंत होती तेव्हा चाळीस वर्षं नुसत्या हूं-हूंवर काढली मी."