गिरणीत सांगितलेला आकडा

"आजी, सीईटीचं स्कोअरकार्ड द्या," टेबलामागचा कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

अंबूबाईनं पिशवी मांडीवर आणखी घट्ट धरली. दहावीचा, बारावीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा, बाकीचे सगळे कागद तिनं ठसक्यात टेबलावर टाकले होते. हा एकच निघत नव्हता. फार्मसीच्या अर्जाची कागदपत्रं तपासायचा आज शेवटचा दिवस. साताऱ्याच्या त्या कॉलेजात रांग पार जिन्यापर्यंत गेली होती, आणि तिच्यातली निम्मी माणसं आपल्याच विटा-कडेगावकडची आहेत हे त्यांच्या बोलण्यावरनंच कळत होतं.

"आजी, दे की," नात क्रांती कुजबुजली. तिची नजर फरशीवर होती. महिनाभर ती तिथंच होती.

कागद निघाला. चार घड्या घातलेला. कारकुनानं तो उलगडला आणि बोट ठेवून वाचलं, "बेचाळीस पर्सेंटाइल."

"हळू वाच की रं! पंचायतीचा भोंगा हायेस व्हय?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अंबूबाईनं पदर कपाळावर ओढला. नवरा गेला तेव्हाही तिनं गावापुढं एवढा पदर ओढला नव्हता.

करणी तिचीच होती. निकालाच्या दिवशी क्रांती घरात उशीत तोंड खुपसून पडली होती आणि अंबूबाई गिरणीत दळण घेऊन उभी होती. बायकांनी विचारलं, नातीला किती पडले? खरा आकडा ओठापर्यंत आला आणि तिथंच अडला. आजवर दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क चव्हाट्यावर आणायचं काम हिचंच होतं. "ब्याण्णव," ती म्हणाली. आकडा पिठासारखा उडाला आणि दिवेलागणीपर्यंत गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन बसला.

"आजी, खरं सांगून टाकूया," क्रांती म्हणाली होती.

"गप बस. मला मान खाली घालाय लावतीस व्हय?"

तेव्हापासनं पोरीनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. लोक कौतुक करतील, या भीतीनं.

गिरणीत त्या दिवशी भावकीतला आप्पासोही पोतं घेऊन उभा होता. अंबूबाईनं त्यालाही सोडलं नाही. "तुझ्या मानसिंगला किती रं?"

"अठ्ठावन्न, काकी."

"व्हय का? म्हंजे पोरगं परीक्षेला बसलंवतं म्हणायचं."

बायका खदखदून हसल्या. आप्पासोनं पोतं खांद्यावर घेतलं आणि दळण न करताच गेला.

आज सकाळी तोच मानसिंग तिच्या पाया पडायला आला होता. अंगात नवा शर्ट होता. "तामिळनाडूत चाललोय, आजी. मामाच्या गलाईच्या दुकानात. सोनं आटवायला शिकतो."

"आन् कालेज?"

"आप्पा म्हणालं, क्रांतीच्या ब्याण्णवापुढं तुझं अठ्ठावन्न कोण बघतंय? फॉर्मच भरला न्हाई."

बाराच्या एस.टी.नं मिरज, पुढं रेल्वे. अंबूबाईनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "भट्टीच्या धुरापासनं डोळं सांभाळ," म्हणाली. आणि खोटं कशाला बोला, आत कुठंतरी तिला गोडच वाटलं होतं. आपला शब्द अजून गावात चालतो.

कारकुनानं शिक्का मारला. "झालं बघा."

"आता हिचं काय हुईल? खरं सांग, लेकरा. गोड बोलू नगंस."

"होईल की! लय नावाजलेल्या कॉलेजात नाही होणार, पण बेचाळीसला जागा मिळते. गेल्या साली पस्तीसवाल्यालाही मिळाली. तुम्ही उगाच तोंड लपवताय." मग त्यानं रांगेकडे बघून आवाज दिला, "ज्यांचा फॉर्मच भरायचा राहिलाय, त्यांचाही भरून घेतोय! पाचपर्यंत या!"

अंबूबाईनं पदर मागं सारला. आता एकदा रांगेकडे ताठ मानेनं बघावं म्हणून ती वळणार, तेवढ्यात क्रांतीनं तिचा हात धरला. महिन्याभरात पहिल्यांदाच पोरगी तिच्या डोळ्यांत बघत होती.

"आजी, मानसिंगला अठ्ठावन्न हायेत."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

अंबूबाईनं हात पुढं केला. क्रांतीनं नंबर लावून मोबाइल तिच्या हातात दिला.

"आप्पासो, पोराला गाडीत बसवू नगंस. साताऱ्याला धाड. हितं अठ्ठावन्नला मिळतंय म्हणत्यात."

पलीकडे एस.टी. स्टँडाचा गलका होता. मग आप्पासोचा आवाज आला, थकलेला. "काकी, आता पुरं करा की. गिरणीत हसला, तेवढं बास न्हाई झालं? तुमी ब्याण्णववाल्या. आमचं कोण बघतंय हितं? गाडी लागली. ठेवतो."

अजूनही एखादी थाप जमली असती. कारकुनाच्या नावावर काहीबाही खपवता आलं असतं, आकडा झाकून. अंबूबाईनं मागं बघितलं. विट्याकडची माणसं कान टवकारून उभी होती. आपण घरी पोचायच्या आधी हे गावात पोचलेलं असणार.

ती खुर्चीतनं उठली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, तो तिनं पडू दिला. आणि गिरणी चालू असताना ओरडावं लागतं, तशा आवाजात ती फोनमध्ये ओरडली,

"ब्याण्णव न्हाईत रं, आप्पासो! थाप मारली मी. बेचाळीस हायेत माझ्या क्रांतीला, बेचाळीस, आन् तेवढ्यावर शिक्का बसला! उतरीव पोराला!"