दांडा फिरण्याआधी

“वळतेय!” वरून बायकोची हाक आली.

शिरस्त्याप्रमाणे त्याने केबिनमधून “खाली आहे!” असं ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही. काचणारं लाइफ जाकीट सैल करत, गाल फुगवून बाकावर बसून राहिला.

अबोला सकाळी धक्क्यावरच सुरू झाला होता. महिनाभर तिने एकही सुट्टी घरी काढली नव्हती. शिडाच्या या होडीचा तळ खरवड, रंग दे, शीड शिव. त्याला ताप भरला, तेव्हाही बाईसाहेब अंधार पडल्यावर रंगाच्या हातांनी घरी आल्या.

“तू या होडीशीच लग्न करायचं होतंस,” तो म्हणाला होता.

“मनात आलं होतं,” म्हणत तिने दोर सोडला होता.

होडी वळली की शिडाचा आडवा दांडा केबिनच्या दारावरून सपकन फिरायचा. तिच्या भावाने एकदा नेमकं तेव्हाच दारातून डोकं वर काढलं होतं. त्याला अजून डाव्या कानाने ऐकू येत नाही. तेव्हापासून तिचा नियमच होता: खालून उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही. सुकाणूपाशी बसून तिला केबिनच्या आतलं दिसत नसे, आणि सुकाणू सोडून उठताही येत नसे.

“वळतेय!”

ओरड म्हणावं. वळेल झक मारत. त्याने बैठक बदलली आणि सहज काचेतून बाहेर पाहिलं. समोर खडक होते. काळे, ओले, बघता बघता मोठे होणारे. पाठीमागचा वारा होडीला तिकडेच रेटत होता. ही वळत का नाही? हट्टाला पेटली की काय? जाऊन बघावंच म्हणून तो उठला आणि पायरीवर पाय ठेवला.

“अरे, कुठे आहेस तू? बोल ना!” तिचा आवाज फाटला होता.

तो तिथेच मटकन खाली बसला. “खाली आहे! खाली आहे!”

दांडा दारावरून सणसणत गेला. फळीवरचा कप पडून फुटला. होडी कलली, आणि बाजूने खरवडल्याचा लांबलचक आवाज आला. महिनाभराचा रंग त्या एका आवाजात गेला.

तो वर आला, तेव्हा खडक मागे पडले होते.

“वेड लागलंय का तुला?” तो ओरडला. “मी बोललोच नसतो तर? चक्काचूर झाला असता तुझ्या होडीचा!”

“झाला असता. जाकिटं आहेत अंगात, पोहत गेलो असतो,” ती म्हणाली. मग एका हाताने सुकाणू धरून, दुसऱ्या हाताने तिने त्याचं डोकं सगळीकडून चाचपून पाहिलं.